बाबांच्या प्रकृतीची फाईल

३ जानेवारी २०११
रोहनदादाने फाईल सुरू केली. नाव — बाबा. नुसती टेक्स्ट फाईल, इंटरनेटवरच्या सामायिक फोल्डरमध्ये. त्याला कॅनडात दिसते, मला इथे कर्वेनगरात. बीपी किती, जेवले किती, फिजिओ आला का — सगळं त्यात लिहायचं. मीच म्हटलं होतं, फोनवर नको. दोन खोल्यांचं घर, बोललेलं सगळं बाबांना ऐकू जातं. ऑक्टोबरात झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सुरुवातीला बोलायचे. लोक ‘काय? काय म्हणालात?’ करायला लागले तसं बोलणंच सोडलं त्यांनी. पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं ज्याचा शब्द खाली पडला नाही, तो माणूस!

६ जानेवारी
दादाने लिहिलेलं माझ्या नोटपॅडमध्ये सगळं एकाच ओळीत आलं. डॉक्टर, गोळ्या, प्रश्न — एकमेकांना चिकटून. त्याला कळवलं. त्याचं उत्तर — ‘माझ्याकडे तुझ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी कचरा येतो. टोपीसारखी एक खूण आणि इंग्रजी एम. नोटपॅड सोड.’

तो विंडोजवर नाही, लिनक्सवर कसल्याशा एडिटरमध्ये लिहितो. ओळ संपवायची त्याची खूण वेगळी, माझी वेगळी. मला हे माहीत नाही असं नाही — दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे! पण आठवडाभरात भावाशी माझं बोलणं झालं ते एवढंच. ओळ कुठे संपते यावर.

११ जानेवारी
आज दिवसभरात माझ्याशी कोणी बोललं नाही. लिफ्टमध्ये एकाने ‘फोर्थ फ्लोअर?’ विचारलं. तेवढंच.

१५ जानेवारी
नियम ठरवले. वर तारीख. लिहिणाऱ्याचं आद्याक्षर — मी मैत्री, म्हणून मै. एका वाक्याला एक ओळ. दोघांच्याही ओळी नीट दाखवणारा एक फुकट एडिटर मी घरच्या कॉम्प्युटरवर टाकला.

आता तिसरं माणूसही लिहिणार — शेजारच्या आनंदीकाकू. मी ऑफिसात असते तेव्हा दुपारभर त्याच बाबांजवळ बसतात. पोस्टातून रिटायर झाल्यात, मराठी टायपिंग पक्कं. नियमांचा कागद दिला तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, ‘अगं, भाजी खाल्ली एवढंच लिहायचंय ना? का त्याला पण परीक्षा आहे?’

२ फेब्रुवारी
सत्यानाश. फाईल उघडली तर सगळीकडे प्रश्नचिन्हं. एक मराठी अक्षर शिल्लक नाही! ????? ??? ????. फक्त बीपीचे आकडे उरलेत.

काकूंनी सवयीने नोटपॅडच उघडलं. सेव्ह करताना त्याने मराठी अक्षरं जातील असा काहीतरी इशारा दिला, त्यांनी ओके दाबलं. मी फार वाईट बोलले त्यांना. ‘एक गोष्ट सांगितलेली कळत नाही का तुम्हाला?’ — बाबांसमोर. काकू पदर सावरून निघून गेल्या. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी नजर टाळली.

३ फेब्रुवारी
दादाकडे परवाची प्रत निघाली. सगळं परत आलं. काकूंच्या दारात जाऊन माफी मागितली. ‘माफी राहू दे. ते नोटपॅड लपव कुठेतरी, म्हणजे मला दिसायचं नाही.’ डबा भरून पोहे दिले वर. घरी येऊन ओट्याशी उभी राहूनच खाल्ले आणि रडले.

२० फेब्रुवारी
आज फाईलमध्ये नको ते लिहिलं. सुरुवात बीपीने केली आणि मग थांबताच येईना. लिहिलं — मी थकले आहे दादा. चार महिन्यांत एकही रविवार माझा नव्हता. बाबांना अंघोळ घालताना त्यांनाही लाज वाटते आणि मलाही. कधीकधी वाटतं, ऑफिसमधून घरी येऊच नये. खाली आद्याक्षर टाकलं — मै. नियम म्हणजे नियम!

२१ फेब्रुवारी
सकाळी दादाचं उत्तर होतं. एक वाक्य, एक ओळ. अगदी नीट.
‘वारज्यात वृद्धांसाठी एक केंद्र आहे.
चोवीस तास नर्स असते.
मी चौकशी केली आहे.
एक तारखेपासून जागा आहे.
बाबांना आधी सांगू नकोस, त्रास करून घेतील.’

तीनदा वाचलं. सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच लाज वाटली.

२६ फेब्रुवारी
केंद्र बघून आले. स्वच्छ आहे. सगळे म्हातारे एकाच दिशेला तोंड करून बसलेले, समोर टीव्ही. फाईलमध्ये लिहिलं — बरं आहे, पण एक एप्रिलपासून ठेवू. दादाने विचारलं, ‘एप्रिल का?’ मलाच माहीत नाही.

६ मार्च
रविवार. बाबांचे कपडे धुतले, नखं काढली. त्यांनी डाव्या हाताने माझी बोटं धरली आणि बराच वेळ सोडलीच नाहीत. केंद्राचं अगदी जिभेवर आलं होतं. नाही सांगितलं.

७ मार्च
संध्याकाळी घरी आले तर बाबा कॉम्प्युटरसमोर! शेजारी काकू. ‘मी लिहायला बसले की हे रोज जवळ बसून वाचतात, अगदी पहिल्या दिवसापासून. वाचू नका म्हणायला मी कोण? आज मला खुणेने म्हणाले — सरका.’ डाव्या हाताच्या एका बोटाने, दुपारभर बसून, तारीख आणि आद्याक्षरासकट:

दि. ७ मार्च. बा.
वरील सर्व टिपणी वाचली.
केंद्राबाबत माझे मत मागविण्यात आलेले नाही.
मी असहमत आहे.
अंघोळीसाठी पुरुष मदतनीस ठेवावा.
मैत्रीस दर रविवारी सुट्टी देण्यात यावी.