वडझिऱ्याची जनसुनावणी

वडझिरा, जि. अमरावती
दि. ६ फेब्रुवारी २०२५

ती. आशाबाईस बंडूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं बहीणभाऊ भांडतो आणि कागदावर शहाणे होतो, म्हणून हे पत्र. अकोल्याचं ऊन तुझ्या डोक्यात गेलं नसेल तर शांतपणे वाच.

अमरावती शहराचा कचरा जाळून वीज करायचा कारखाना आपल्या गावाच्या शिवेवर येऊन राहिला आहे. कंपनीने पर्यावरणाचा अहवाल दिला. त्यात लिहिलंय की जागेच्या आसपास पिण्याच्या पाण्याची विहीर नाही. मग बुधाजीकाकांची विहीर काय आम्ही स्वप्नात उपसतो? निम्मं गाव तिचं पाणी पितं. वीस तारखेला शाळेच्या मैदानावर जनसुनावणी आहे. माईकवर जे बोललं तेच नोंदीत येतं. मनातल्या मनात शिव्या दिल्या तर त्या कोणी धरत नाही. पहिले बुधाजीकाका बोलणार, मग मी.

आता कामाचं. तुझा किशोर त्याच कंपनीत लागला असं कानावर आलं. भाचा आहे, त्याने कुठेही नोकरी करावी. फक्त त्या दिवशी त्याला घरी ठेव. इथली पोरं तापलेली आहेत आणि माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

धाकट्यावर माया आहे तशीच राहू दे.
तुझा बंडू


अकोला
दि. ११ फेब्रुवारी २०२५

चि. बंडूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझं अक्षर अजून बैल उधळल्यासारखंच आहे, पण लागलं.

किशोरला विचारलं. तो म्हणतो, त्याच्याकडे खुर्च्या, चहा आणि गाड्यांचं काम आहे. अकोल्यातून दोन बस माणसं नेणार. ती कारखान्याच्या बाजूने बोलतील, टाळ्या वाजवतील, जेवतील आणि परत येतील. मला हे काही पटलं नाही. दुसऱ्याच्या गावच्या पाण्याबद्दल यांनी काय बोलावं? पण हे गेल्यापासून पोरगा किती दिवस रिकामा फिरला, ते मी पाहिलं आहे. आता कुठे सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो. त्याला घरी बस म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

तूच डोकं ताळ्यावर ठेव. लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या डोक्यात बादली घालणारा तू. काठी घरी ठेवून जा. दुर्गाकाकूंना नमस्कार, आणि त्यांच्या म्हाताऱ्याला, बुधाजीकाकांना म्हणावं, माईकसमोर खोकू नका.

चिडलास तरी बहिणीला विसरू नकोस.
तुझी आशाबाई


अमरावती, दवाखान्यातून
दि. २२ फेब्रुवारी २०२५

ती. आशाबाईस शि. सा. न.

बुधाजीकाका गेले. काल संध्याकाळी, शुद्धीवर न येता. माझ्या बरगड्या मोडल्या आहेत, त्या जुळतील.

काका माईकवर उभे राहिले. "साहेब, माही विहीर पाह्याले चाला," एवढंच बोलले आणि कोणीतरी वायर तोडली. लगेच बसमधून आलेले लोक मांडवाचे बांबू उपसून घुसले. बायकांना केस धरून ओढलं. आपल्या शेजारच्या संघपालच्या तोंडावर खुर्ची मारली. त्याचे दात मातीत पडलेले मी पाहिले. सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांना पोलिसांनी गाडीत घालून नेलं. मी काठी घरीच ठेवली होती, पण एकाचा बांबू हिसकला. खोटं कशाला लिहू, तेव्हा मला बरं वाटत होतं. एकाचा गुडघा फोडला, दुसऱ्याचा खांदा. काका माझ्या पाठीशी होते आणि मी कोणाला पुढे येऊ देत नव्हतो.

मग किशोर समोर आला. तोंडाला रुमाल, हातात लोखंडी पाइप. रुमाल बांधला म्हणून मामाला भाचा ओळखू येत नाही का? आपल्यात भाचा पूज्य. भाच्यावर हात उचलला तर मामाचे हात जन्मभर कापतात, हे ऐकतच आपण वाढलो. तो पाळण्यात होता तेव्हापासून मी त्याच्या पाया पडत आलो. माझा बांबू खाली आला. मी ठरवलं नव्हतं, हात आपोआप खाली गेला. ते त्याने पाहिलं. मला बाजूला ढकललं आणि पाइप काकांच्या डोक्यात घातला. ते पडले, तरी घातला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. मग बाकीच्यांनी मला तुडवलं.

पुढच्या आठवड्यात पोलीस माझा जबाब घेणार. दुसऱ्या कोणी त्याला ओळखलेलं नाही. काय सांगू, ते तू सांग.

बंडू


अकोला
दि. २५ फेब्रुवारी २०२५

चि. बंडूस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून भिंत धरून खाली बसले. त्या दिवशी तो आला तेव्हा म्हणाला, मारामारीत सापडलो. शर्ट मीच धुतला. डाग निघेना म्हणून दगडावर घासला, आणि त्याच हातांनी त्याला वाढलं. आता तो खोलीत पडून असतो. जेवत नाही, रडतो. काय झालं ते कळलंच नाही म्हणतो.

बंडू, मी पदर पसरते. काका आता परत येणार नाहीत. मला हा एकच आहे. धूळ होती म्हण, दिसलं नाही म्हण. दुर्गाकाकूंचा तळतळाट माझ्या माथी लागू दे. तू त्याचं नाव घेतलंस तर मला माहेर नव्हतंच असं समजेन.

बहीण म्हणून एवढी एकच ओवाळणी मागते.
आशाबाई


वडझिरा
दि. ३ मार्च २०२५

ती. आशाबाईस,

जबाब दिला. धूळ होती म्हणालो.

ठाण्याबाहेर बाकावर दुर्गाकाकू होत्या. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "तू होता म्हणून बुढा एकटा नाही पडला." मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. सुनावणी एप्रिलमध्ये पुन्हा होणार आहे. काकांचं बोलणं नोंदीत नाही, कारण म्हणे माईक बंद पडला होता.

तुझा मुलगा तुला ठेवला. आता मला पत्र लिहू नकोस.

बंडू


अकोला
दि. ८ मार्च २०२५

चि. बंडूस,

नको म्हणालास तरी लिहिते आहे.

तुझं पत्र आलं तेव्हा मी आंघोळीला होते. किशोरने ते फोडून वाचलं. बाहेर आले तर तो आरशासमोर भांग पाडत होता. कितीतरी दिवसांनी स्वतःहून चहा मागितला. म्हणाला, "मामा आपला मानूस निघाला. आता एप्रिलले चार बस नेतो." मी विचारलं, दुर्गाकाकू बोलायला उभ्या राहिल्या तर? बूट घालता घालता म्हणाला, "त्या बुढीलेही समजावू."

खलबत्त्याचा लोखंडी दस्ता ओट्यावर होता. मी तो त्याच्या उजव्या मनगटावर घातला. तो ओरडला, तेव्हा पुन्हा घातला. मग गुडघ्यावर, कारण पळाला असता. हाड मोडलेलं माझ्या हाताला कळलं. त्याने आई म्हणून हाक मारली, तरी घातला. भाच्याला मारू नये हा मामाचा रिवाज आहे, बंडू. आईला असा कोणी घालून दिलेला नाही.

शेजारच्या अब्दुल गफ्फारभाईंच्या ऑटोतून त्याला दवाखान्यात नेलं आणि तिथेच पोलिसांना बोलावून सगळं सांगितलं. शर्ट कोणी धुतला तेही. माझ्यावर काय व्हायचं ते होऊ दे. तो आता पहाऱ्यात आहे. मी रोज डबा नेते. तो भिंतीकडे तोंड करतो आणि मी डबा ठेवून परत येते. घरी आल्यावर फार रडते. तू जा आणि खरा जबाब दे. माझ्यासाठी बोललेलं खोटं परत घे.

एप्रिलच्या सुनावणीला मला यायचं आहे. काकांचं अर्धं राहिलेलं कोणीतरी माईकवर पुरं बोललं पाहिजे, आणि त्या विहिरीचं पाणी मीही प्यायले आहे. पण त्यांना मारणाऱ्याची आई तिथे उभी राहिलेली दुर्गाकाकूंना चालेल का, ते विचारून कळव. नाही म्हणाल्या तर येणार नाही.

लोभ असावा हे लिहायचा हक्क मला उरला नाही. तरी लिहिते, लोभ असावा.

आशाबाई