एकशे पंचवीस मायक्रॉनची काळजी

नांदुरा,
गुरुवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे

आदरणीय कचरू भाऊजी,

संघपालचा सप्रेम जयभीम. अन्नपूर्णाताईलाही सांगावा. गुडघा कसा आहे? मी लिहून दिलेला व्यायाम सकाळी वीस, संध्याकाळी वीस असा करता, की ताई म्हणते तसे नुसते आकडे मोजता? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (या ‘सर्व’मध्ये एक कागद धरलेला नाही. त्याबद्दल खाली.) तुम्ही लाइनमन माणूस, म्हणून आधीच विनंती: हे पत्र खांबावर असताना उघडू नये. जमिनीवर, पाठ टेकून वाचावे. फोनच केला असता, पण माझ्या पहिल्याच वाक्याला तुम्ही असं काही ‘हूं’ म्हणता की पुढची वाक्यं घशात रांग लावून उभी राहतात.

आपल्या धम्मशीलाला बारावीनंतरच्या अ‍ॅडमिशनसाठी तुम्ही माझ्याकडे पाठवलं, हा विश्वास मी विसरलेलो नाही. स्टँडसमोर सोळा वर्षं माझं झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. कॉम्प्युटर मला कोणी शिकवला नाही. मी तो तीनदा बिघडवला आणि चारदा दुरुस्त केला. (चौथ्यांदा तो बिघडलेला नव्हता, हे नंतर कळलं.) पाटीवर ‘मार्गदर्शन केंद्र’ लिहिलं आहे ते फुकट नाही. मार्गदर्शन फुकट आहे, पाटीला पैसे पडले.

तुमच्या सांगण्याप्रमाणे आधी हायवेवरचं फार्मसीचं खासगी कॉलेज पाहिलं. मी कॉलेज पाहतो म्हणजे माहितीपत्रक पाहत नाही. गेटवर कारंजं उडत होतं आणि मुलींच्या बाथरूमचा नळ कोरडा होता (धम्मशीलाला आत पाठवून खात्री केली). दारांवर प्राध्यापकांच्या अकरा पाट्या, आत माणसं चार, आणि त्यांतलं एक आम्हालाच विचारत होतं की प्राचार्य कुठे बसतात. फी सांगताना तिथल्या साहेबांनी आवाज इतका खाली नेला की मला वाटलं कोणी वारलं. अशी तीन कॉलेजं झाली. चौथं जिल्ह्याच्या गावचं, अनुदानित. इमारत जुनी आहे, पण नळाला पाणी येतं, लायब्ररीतल्या पुस्तकांची पानं वळून वळून मऊ झालेली आहेत, वसतिगृह सरकारी आहे आणि शिष्यवृत्ती धरली तर तुम्हाला कर्जाचा फॉर्मसुद्धा पाहावा लागणार नाही. ते कॉलेज कशाचं आहे, हे ओघाने येईलच.

आता कागद. सूचनापत्रातला सातवा मुद्दा असा होता: मूळ कागदपत्रे सुरक्षित ठेवावीत. बाकीचे लोक सूचनापत्र वाचत नाहीत, मी वाचतो, आणि तिथेच घोळ झाला. रविवारी मी धम्मशीलाची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा मूळ दाखला, लॅमिनेट केली. इतर दुकानदार ऐंशी मायक्रॉनची पातळ फिल्म लावतात. मी एकशे पंचवीसची लावली आणि भाचीचं काम म्हणून मशीनमधून दोनदा काढली. एक बुडबुडा नाही, भाऊजी. ती म्हणाली होती, “मामा, राहू द्या ना, ते कॉलेजवाले ठेवून घेतेत.” मी म्हणालो, “तुले काय समजते त्याच्यातलं? चहा सांडला म्हंजे?”

मंगळवारी कॉलेजात गेलो. तिथे राखी मॅडम म्हणून क्लार्क आहेत. त्यांनी टीसीवर ‘प्रवेश दिला’चा शिक्का मारला. बसला नाही. पुन्हा मारला. शाई प्लॅस्टिकवरून घसरून त्यांच्या अंगठ्याला लागली. त्यांनी आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काका, हे कोणं केलं?” मागे रांगेत नऊ पोरं होती, त्यांतली सहा माझ्या ओळखीची. मी म्हणालो, एका दुकानदाराने. “मंग त्या दुकानदाराले सांगा, याच्यावर शिक्का बसत नाही अन् फाइलले हे चिटकत नाही. सोमवारी पाच वाजेलोक कोरी टीसी आणा, नाहीतर सीट पुढच्या पोरीची.” तेवढ्यात रांगेतून आवाज आला, “संघपालकाका, माही बी तुमीच पॅक करून देल्ली होती ना!” मी मागे वळलो नाही. पण सहाही पोरं आपापल्या पिशव्या चाचपू लागली, तो प्लॅस्टिकचा करकर आवाज अजून कानात आहे. (या हंगामात धम्मशीलाची सोडून तेवीस टीसी झाल्या आहेत. रजिस्टरमध्ये नोंद आहे.)

बुधवारी मी दुरुस्ती हाती घेतली. मोबाइलवर एक माणूस इस्त्रीने लॅमिनेशन सोडवतो, अगदी हसत हसत. त्याची फिल्म ऐंशीची असावी. आपल्या टीसीचा खालचा कोपरा सुटला खरा, पण मुख्याध्यापकांची सही प्लॅस्टिकबरोबर आली आणि ‘मुख्याध्यापक’ हे पद कागदावर राहिलं. सध्या सही माझ्या टेबलावर आहे आणि पद धम्मशीलाच्या फाइलमध्ये. हे झालं तेव्हा ती समोरच उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि म्हणाली, “मामा, रजिस्टर द्या.” मग तेवीस घरी एकेक करून फोन लावले आणि प्रत्येक पोराला सांगितलं की घाबरू नका, इस्त्री लावू नका, शाळेत दुय्यम प्रतीचा अर्ज करा. मी शेजारी बसून नंबर वाचत होतो. सोळा वर्षांत त्या दुकानात दुसऱ्या कोणाच्या हाताखाली मी पहिल्यांदाच बसलो.

तुमच्याकडून काम एवढंच. तुमच्या गावच्या मुख्याध्यापकांशी बोललो आहे. खराब झालेली टीसी परत दिली आणि पालकाने समोर येऊन सही केली, तर ते शनिवारीच दुय्यम प्रत देतो म्हणाले. धम्मशीलाला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने अकरा दिवस कमी आहेत, म्हणून सही तुमचीच लागते. ती शनिवारी पहिल्या गाडीने सगळे तुकडे घेऊन येईल. तुम्ही दहाला शाळेत असावं. हे पत्र मेहकरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देत आहे. ताईला इस्त्रीचं सांगू नये.

आपला नम्र,
संघपाल

ता. क. अर्जात ‘पुढील शिक्षण’ असा एक रकाना आहे. त्यात धम्मशीलाने ‘समाजकार्य पदवी’ लिहिलं आहे. ते चुकून नाही. चौथं कॉलेज त्याचं आहे. तुम्ही गावात फार्मसी सांगून बसला आहात, हे मला माहीत आहे. पण काल त्या तेविसांतली एक मुलगी रडत दुकानात आली. धम्मशीलाने तिला पाणी दिलं आणि विचारलं, “तुले कायले जायचं हाय कॉलेजात?” ती मुलगी रडायची थांबली. म्हणाली, “मले हे आजलोक कोणंच नाही इचारलं.” दोघी तासभर बोलत बसल्या. मी सोळा वर्षं पोरांना जात, उत्पन्न, टक्केवारी आणि रक्तगट विचारला. हा रकाना माझ्या फॉर्ममध्ये नव्हता. धम्मशीलाला हेच काम करायचं आहे, पोरांना वाट दाखवायचं. नोकऱ्या मी विचारून आलो: शाळा, वसतिगृहं, ग्रामीण रुग्णालयं, सुरुवातीला कंत्राटी, पगार बेताचा. खोटं सांगणार नाही. सही करायची नसेल तर मला फोन करू नका, शनिवारी तिच्यासमोर बसून सांगा. फक्त ती तुम्हालाही काहीतरी विचारेल, तयारीने या.

ता. ता. क. तिने मलाही विचारलं, “मामा, तुमाले काय शिकायचं हाय?” उत्तराला पाऊण तास लागला. लोक मला बारावी समजतात आणि मी त्यांना समजू दिलं. तुम्हाला ठाऊक आहे, मी नववीनंतर शाळेत गेलो नाही. दहावीला बाहेरून बसायचे सतरा नंबरचे फॉर्म मी दरवर्षी लोकांचे भरतो. काल धम्मशीलाने एक माझा भरला. त्याला मूळ टीसी लागते. ती तुमच्याकडे असलेल्या आईच्या पत्र्याच्या पेटीत, ताईच्या लुगड्यांखाली असावी. शनिवारी पोरीच्या हाती द्या. घडीवर फाटली असेल, कसर लागली असेल, तरी जशी आहे तशीच द्या.