बेकरीवाल्याची बायको

प्रिय ताई,

मी बरी आहे, वेळेवर जेवते. वाचायला पुस्तकंही आहेत. आईचा गुडघा कसा आहे?

इथल्या थीम पार्कमध्ये नवं 'जुनं गाव' उभारलंय. त्यात मी बेकरीवाल्याची बायको बनून पाव विकते. पार्कचे चाहते इंटरनेटवर भांडले, "बायको आहे, मग बेकरीवाला कुठाय? गाव खोटं वाटतं!" म्हणून सोमवारपासून मला नवरा दिलाय, फ्लोरिस. माणूस भला आहे. पण फाटक बंद होईपर्यंत सोंग उतरवायचं नाही, आणि दुसरं काम मिळत नाही.

आज भट्टीपासून तो ओरडला, "अगं, ऐकतेस का?"

"आले रे, ओरडू नकोस!"

एक चाहता खूश झाला. "आता कसं खरं वाटतंय!"

ताई, माझा खरा नवरा, वाउट, गेल्यापासून 'आले रे' हे शब्द मी कुणालाच म्हटले नव्हते.

आईला सांग, मी मजेत आहे.

तुझी,
नेल