अडतिसावं मत

ईस्ट हार्लो, व्हरमाँट
१६ फेब्रुवारी १९५३

चि. युनिस हीस अ. उ. आ., वि. वि. मी धडधाकट आहे. मांजर माझ्याहून धडधाकट आहे. तुझे काका जाऊन सहा वर्षं झाली, त्यांची खुर्ची मांजरीने बळकावलीय आणि मी अजून लाकडी स्टुलावर. एवढ्यात घरची खुशाली संपली.

क्लीव्हलंडची मोठी शाळा सोडून आपल्या टेकडीवरच्या एका खोलीच्या शाळेत बाई म्हणून यायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून मी आधी चष्मा पुसला, मग डोळे, मग परत चष्मा. मिस डॅगेट लग्न करून जूनमध्ये चाललीय, जागा होतेय, हे खरं. पण एक भानगड आहे. यंदाच्या ३ मार्चच्या गावसभेच्या विषयपत्रिकेत ऑरिन पेटिंगिलने नववा विषय घुसवलाय: टेकडीवरची शाळा बंद करायची आणि नऊच्या नऊ पोरं बसने वेस्ट हार्लोला धाडायची. म्हणतो, नऊ पोरांसाठी एक बाई, एक शेगडी आणि चौदा गाड्या लाकूड ही गावाला न परवडणारी चैन आहे. लोक अर्थशास्त्र पुस्तकात शिकतात, ते ऑरिन गाईंपाशी शिकला. जी आटली ती विकली.

तू मात्र काळजी करू नकोस. शाळेच्या बाजूने हेप्सिबा कॉर्लिस बोलणार आहे. माझ्याच बाकावर बसायची आणि पुढे तीस वर्षं तिथलीच बाई झाली, ती. लहानपणापासून आम्ही दोघी बोलतो त्या फक्त भांडण्यापुरत्या, पण या वेळी एका बाजूला आहोत. शिवाय माझं मत आहेच. त्या शाळेत मी सहा यत्ता काढल्या. सातवी मला झेपली नाही, का सातवीला मी, ते अजून ठरायचंय.

मोज्यांची जोडी धाडलीय. एक मोजा मोठा झालाय, तो मोठ्या पायात घाल.

माया आहेच, तिला अधूनमधून पत्राचं खतपाणी घालत जा.
तुझी मावशी,
अल्मायरा टटल

क्लीव्हलंड, ओहायो
२१ फेब्रुवारी १९५३

ती. अल्मायरामावशी हीस शि. सा. न. वि. वि. मोजे मिळाले. दोन्ही पाय तपासले, सारखेच आहेत. मोठ्या मोज्यात आता पेन्सिली ठेवते.

मावशी, तुला वाटतं मी तुझ्या मायेपोटी येतेय. थोडी मायेपोटी, पण थोडी वैतागून. माझ्याकडे पाच वर्ग आहेत, एकेकात चाळीस पोरं. त्यांना मी फळ्यावर तीन चौकोन काढून सरकार शिकवते. एक चौकोन कायदे करतो, दुसरा ते राबवतो, तिसरा ते तपासतो. परवा एका मुलाने विचारलं की बाई, यातल्या कुठल्या चौकोनात माणसं असतात? मी फळा पुसून टाकला. मला असं गाव हवंय जिथे पोरांना हात धरून नेऊन सांगता येईल की हे बघा, ही ती माणसं, आणि ही अशी भांडतात.

इथल्या मुख्याध्यापकांना एकतीस मार्चच्या आत कळवायचंय की मी पुढच्या वर्षी आहे की नाही. तुमची शाळा राहिली तर मी आले. नाही राहिली तर इथे आणखी पाच वर्षांचा करार मांडून ठेवलाय, त्यावर सही करीन. तेव्हा तीन तारखेला मत नीट दे, आणि हेप्सिबाबाईंशी एक दिवस तरी गोड वाग.

आहे तेवढी माया राहू दे, वाढली तर माझी हरकत नाही.
तुझी,
युनिस

ईस्ट हार्लो
४ मार्च १९५३

चि. युनिस हीस अ. उ. आ., वि. वि. वाईट बातमी आधी सांगून टाकते. आपण हरलो. अडतीस विरुद्ध सदतीस. एका मताने.

सभा नेहमीसारखी गावच्या हॉलमध्ये भरली. मागच्या स्वयंपाकघरात जेवणाचं आम्हा बायांकडे होतं आणि बीन्स माझ्याकडे. नववा विषय आला तशी मी हातातला डाव घेऊनच दारात उभी राहिले. ऑरिनचं पाच मिनिटांत आटपलं. मग हेप्सिबा उठली. तिने सुरुवात केली ती तीनशे वर्षांपूर्वी या देशात उतरलेल्या यात्रेकरूंच्या जहाजापासून. बॉस्टनच्या बंदरात चहा बुडेपर्यंत माझ्या बीन्सना वास सुटला, आणि राज्यघटनेवर सह्या होईस्तोवर ते खाली लागले. मला आत जाताही येईना, कारण तेवढ्यात तिने माझं नाव घेतलं. या शाळेने गावाला दोन न्यायाधीश दिले, एक आमदार दिला, म्हणाली, आणि आमच्या अल्मायरालाही जमेल तेवढं दिलं. एकदा परीक्षेत प्रश्न आला होता की उपराष्ट्राध्यक्षाचं काम काय. तर हिने लिहिलं, राष्ट्राध्यक्ष मरायची वाट बघणं. अख्खा हॉल हसला. ऑरिनसुद्धा हसला, आणि तो एरवी फक्त दुसऱ्याची गाय रुतली तर हसतो. मी हातात डाव घेऊन उभी, वर करपलेला वास. बुजगावणं बरं दिसलं असतं.

मग नियमाला लागतात तेवढ्या सात जणांनी हात वर करण्याऐवजी चिठ्ठ्यांवर मत मागितलं. चिठ्ठ्या वाटल्या, टोपीतून गोळा झाल्या, मोजल्या. अडतीस, सदतीस. कोण तो अडतिसावा गाढव, देव जाणे. तेवढ्यात बर्फ असं कोसळायला लागलं की उरलेले विषय तसेच ठेवून सभापती एल्बर्ट स्टोडर्डने सभा सतरा तारखेपर्यंत तहकूब केली. बीन्स कुणीच खाल्ले नाहीत. डुकरांनी खाल्ले, तेही हुंगून हुंगून.

तू त्या करारावर सही करून टाक. शहरात तुझं बरं चाललंय. इथे काय ठेवलंय?

राग आला तर येऊ दे, पण फार दिवस ठेवू नकोस.
अल्मायरामावशी

क्लीव्हलंड
७ मार्च १९५३

ती. मावशी हीस शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. एकदा रडले, एकदा बीन्सवर हसले, आणि तिसऱ्यांदा एका ओळीवर अडकले. तुझं उपराष्ट्राध्यक्षाचं उत्तर बरोबर आहे. माझी पोरंही तेच लिहितात. मी अर्धे गुण देते, कारण वरच्या सभागृहाचं अध्यक्षपद ती विसरतात. तुला त्या वेळी किती मिळाले?

आता नीट ऐक. सभा संपलेली नाही, तहकूब झालीय. म्हणजे सतराला भरेल ती तीच सभा. त्याच सभेत झालेल्या ठरावाचा फेरविचार मागता येतो. पण नियम असा की तो जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्या माणसानेच मागायचा. हरलेल्यांनी मागायचा नाही, नाहीतर ते रोज उठून तेच मागतील. म्हणजे तुला, हेप्सिबाबाईंना, तुमच्या सदतीसांपैकी कुणालाच तोंड उघडता येणार नाही. अडतीसांपैकी कुणीतरी हवा. चिठ्ठ्या गुप्त होत्या, तेव्हा त्याला चारचौघांत कबूल करावं लागेल की मी बंद करा म्हणून लिहिलं होतं.

ईस्ट हार्लोत एवढी लाज गिळू शकणारा माणूस आहे का, मावशी? तो अडतिसावा गाढव कोण ते शोध. त्याला तुझे बीन्स सोडून काहीही खायला घाल, पण उभा कर. तोवर मी सही करत नाही.

उत्तराची वाट बघणारी,
युनिस

ईस्ट हार्लो
११ मार्च १९५३

चि. युनिस हीस आशीर्वाद. त्यातले तुला नको असतील ते परत धाड.

गाढव सापडलं. रोज सकाळी त्याचं तोंड मी आरशात बघते.

मी लिहिलं गं. मीच लिहिलं. चिठ्ठी हातात आली तेव्हा हॉलमधलं हसू अजून माझ्या कानात होतं. मनात आलं की हेप्सिबा जिंकली तर ती गोष्ट दरवर्षी सांगेल, मी मेल्यावर मला पुरतानासुद्धा सांगेल. आणि मी लिहिलं, बंद करा. वाटलं, एका चिठ्ठीने काय होतंय. एका चिठ्ठीनेच झालं. तुला मी सहा महिने लाडीगोडी लावून बोलावते आणि तू उंबऱ्याशी आलीस तेव्हा मीच दार लावते, तेही कशासाठी, तर बावन्न वर्षांपूर्वीच्या एका प्रश्नासाठी. शून्य मिळाले होते, विचारलंस म्हणून सांगते.

गेल्या आठवड्यात दुकानात मी सगळ्यांबरोबर त्या गाढवाला शिव्या घातल्या. सगळ्यात मोठा आवाज माझाच होता. आता उठून सांगायचं कसं? लोक म्हणतील म्हातारी चळली. हेप्सिबा काहीच म्हणणार नाही, नुसती बघेल. तिचं ते बघणं मला पहिलीपासून सोसवत नाही. मी आजारी आहे असं सांगावं की काय? गुडघा तसा दुखतोच.

तूच सांग काय करू. नको सांगूस. सांग.
अल्मायरा

क्लीव्हलंड
१४ मार्च १९५३

ती. मावशी,

मी रागावलेय. मंगळवारी दहाच्या ठोक्याला तो राग थांबेल की पुढे चालेल, ते तुझ्या गुडघ्यावर आहे. वाक्य असं म्हणायचं: मी जिंकलेल्या बाजूने मत दिलं होतं आणि नवव्या विषयाचा फेरविचार मागते. एवढंच. पाठ कर. यात्रेकरूंच्या जहाजापासून सुरू करू नकोस.

युनिस

ईस्ट हार्लो
१८ मार्च १९५३

चि. युनिस हीस अ. उ. आ., वि. वि. हे पत्र मी रात्री अंथरुणात बसून लिहितेय, गुडघा आता खरंच दुखतोय.

बर्फ वितळलंय, सगळीकडे चिखल. सभा सुरू झाली तरी ऑरिनचा पत्ता नव्हता. एल्बर्टने विचारलं की पुढच्या विषयाआधी कुणाला काही म्हणायचंय का. मी उठले. तुझं वाक्य अठ्ठावीस वेळा पाठ केलं होतं, कोंबड्यांना म्हणून दाखवलं होतं. तोंडातून निघालं, मी ती. एल्बर्टला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. म्हणाला, कोण ती? मग मी धड म्हटलं. तो म्हणाला, अल्मायरा, फेरविचार मागायला तू जिंकलेल्या बाजूची हवीस, तू तर शाळेच्या बाजूची. मी म्हटलं, नव्हते. तो म्हणाला, काय नव्हतीस? तिसऱ्यांदा सांगितलं ते बहुतेक वेस्ट हार्लोपर्यंत गेलं.

दुकानदार जोसाया माझ्याकडे असा बघत होता, जणू त्याच्या दुकानात मी घातलेल्या शिव्या मोजतोय. एल्बर्टने विचारलं, अनुमोदन कुणाचं? कुणी हलेना. मी खाली बघत उभी, माझ्या बुटांची नाडी सुटलेली. मग मागून हेप्सिबाचा आवाज आला. म्हणाली, माझं. आणि बसली. युनिस, ती बसली! एका शब्दात! तिच्या शेजारणीला वाटलं बाईंना झटका आला.

मग कुणीतरी ओरडलं की असं मत दिलंसच का, ते तरी सांग. मी सांगितलं. म्हटलं, मला हसलात म्हणून मी रागावले आणि राग काढला तो नऊ पोरांवर, त्यांनी माझं काही केलं नव्हतं. तुम्हाला अजून हसायचंय तर हसा, मी इथेच उभी आहे, पण चिठ्ठ्या परत वाटा. या वेळी हसलं कुणी नाही. मला जरा वाईटच वाटलं, मी तयारी करून गेले होते.

एवढ्यात दार उघडलं आणि ऑरिन आला. चालत. गुडघ्यापर्यंत चिखलात. त्याचा ट्रक शाळेच्या टेकडीखाली आसापर्यंत रुतला होता. काय चाललंय ते त्याला कुणी सांगितलं, तसा तो तिथल्या तिथे बसच्या खर्चाचं बोलायला लागला, आणि अख्खा हॉल त्याच्या बुटांकडे बघत राहिला. बसचा रस्ता तोच. तो बोलत होता आणि बुटांतून पाणी ठिबकत होतं. शेवटी त्यानेही खाली बघितलं आणि बोलणं अर्ध्यावर टाकलं.

शाळा राहिली. शेहेचाळीस विरुद्ध तीस. तुला शाळासमितीचं रीतसर पत्र येईल, त्यावर तारीख बघत बसू नकोस, लगेच सही कर.

हेप्सिबा नंतर आत भांडी पुसायला आली. मी म्हटलं, तुझी माफी मागते. ती म्हणाली, ताटं ओली ठेवू नकोस. आम्ही चार ताटं पुसली. मग म्हणाली, तुझ्यावरचा विनोद मी आदल्या दिवशी घरी म्हणून पाहिला होता आणि मला फार आवडला होता, तिथेच चुकलं. मी म्हटलं, होता चांगला. आणि आम्ही पुढचं ताट घेतलं.

आज सकाळी दुकानात एल्बर्टची नात भेटली, डॉर्कस, सात वर्षांची, दुसरीत आहे. माझ्यापुढे येऊन उभी राहिली. विचारलं, शाळा बंद होऊ न देणारी बाई तूच का? मी म्हटलं, हो गं, मीच. मग मला वाटलं ही आता आभार मानणार, म्हणून मी जरा ताठ झाले. तर तोंड फुगवून म्हणाली, मला बस हवी होती. मला खिडकीशी बसायचं होतं. मी म्हटलं, आता मतं झाली. तिने विचारलं, मला कधी देता येईल? एकविसाव्या वर्षी, म्हटलं. तिने दोन्ही हातांची बोटं मोजली, ती पुरली नाहीत म्हणून माझी चार घेतली. चौदा वर्षं. ठीक आहे, म्हणाली, मी थांबते.

तिच्या तोंडाकडे बघून सांगते, पोरगी थांबेल. तेव्हा तू सामान बांध आणि ये. चौदाच वर्षं आहेत आपल्या हातात.

वाट बघणारी, आणि अजून तोंड लपवून हिंडणारी,
तुझी मावशी,
अल्मायरा टटल