वाटणीत आलेली काळी

आबा,

आज दुपारी इथे परदेशात, तोआ पायोह भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवताना तुमची आठवण झाली. सामुदायिक शेती मोडल्यावर गावांचं काय होतं, यावर मी इथल्या विद्यापीठात संशोधन करते. समोर माझी व्हिएतनामची सहकारी बसली होती. तिच्या गावात जमीन वाटली तेव्हा दर घराला थोडी चांगली, थोडी हलकी, थोडी पाणथळ अशी दिली. "आमचे सात तुकडे, सात दिशांना," ती म्हणाली. "आई अजून कुरकुरते. पण शेजारणीचेही सातच आहेत." मला शेजारच्या काकू आठवल्या.

तुम्ही आपल्या सामुदायिक शेती संस्थेचे सेक्रेटरी. सरकारनं वस्तीतल्या भूमिहीनांना मिळून दिलेलं ते रान, एकच खळं, सामाईक बैल. सकाळी तुम्ही लिंबाला टांगलेला लोखंडी तुकडा वाजवता आणि लोक कामाला येतात. मग हळूहळू येणारे कमी होतात, वाटा मात्र सगळे सारखाच मागतात. शेवटी वाटणीचा ठराव तुम्हीच मांडलात. विहारासमोर बैठक भरली. मी दहावीत होते, अक्षर चांगलं म्हणून तुमच्याशेजारी बसून इतिवृत्त लिहीत होते. काकू उभ्या राहिल्या. नवरा गेलेला, एक मुलगी, ती माझ्याच वर्गात.

"भाऊ, दर घराला थोडी काळी द्या, थोडी मुरमाड द्या."

"वहिनी, तुकडे पडले तर औत वळवायला जागा राहायची नाही. सगळ्यांना सलग पट्टा, आणि तोही चिठ्ठ्या टाकून."

नाल्याकाठची काळी आपल्याला आली, काकूंना माथ्यावरचा मुरूम. चिठ्ठ्यांत लबाडी नव्हती. तरी घरी आल्यावर मी विचारलं, "आपल्यातली थोडी त्यांना देता येणार नाही का?" तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "ठराव तूच लिहिलायस ना? वाच मग."

आपल्या विहिरीला पाणी लागलं. मी पुण्याला शिकायला गेले. काकूंची मुलगी दहावीनंतर त्या मुरमात राबू लागली आणि हंगामात आपल्या शेतात मजुरीला येऊ लागली. आम्ही एका बाकावर बसलेल्या, पण मी सुट्टीत घरी आले की ती मला ताई म्हणायची. मी तिला कधी नको म्हटलं नाही. तुमचं चुकलं, असं इतक्या अभ्यासानंतरही मला ठामपणे म्हणता येत नाही. तुकड्यांच्या शेतीचे हाल मी रोज वाचते.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. नाल्याचं पाणी माथ्यावर न्यायचंय, पाइप आपल्या रानातून जाईल, संमतीची सही हवी. "बांधाच्या कडेनंच नेते ताई, पिकाला धक्का लागायचा नाही."

"अगं, सातबारा अजून आबांच्याच नावावर आहे," मी म्हणाले. "माझी सही चालायची नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या तब्येतीची चौकशी करून तिनं फोन ठेवला.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून लिहिते. तुम्ही गेलात त्याच वर्षी सातबाऱ्यावर माझं नाव लागलं.