जांभळं तेल

३ मार्च, सोमवार
पोचलो! खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि खिडकीतून धावपट्टी दिसते. ताईला फोनवर ऐटीत सांगितलं, तुझा भाऊ आता विमानांचे ब्रेक सांभाळणार. ती म्हणाली, आधी वेळेवर जेवण सांभाळ. हँगर एवढा अवाढव्य की शिंकलं तर शिंक परत येते.

६ मार्च, गुरुवार
चाकं, ब्रेक, पंखांची झापडं, सगळं हलवतं ते एक जांभळं तेल. पिंपासोबतचा कागद मी सर्वांना मोठ्याने वाचून दाखवला: हातमोजे घाला, चष्मा लावा, कातडीला लागू देऊ नका. फोरमनने विचारलं, वैद्य मोजे घालून नाडी बघतो का रे? हशा पिकला. इथली रीतच तशी आहे. जिथे डोळा पोचत नाही त्या नळ्यांच्या सांध्यावर उघडं बोट फिरवायचं. बोट ओलं झालं की गळती. मी तावातावाने बोललो, बेफिकिरीला मर्दुमकी म्हणू नका! दुपारी माझ्या बाकावर जेवायला कोणी आलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार
सहा दिवस एकटाच जेवलो. परवा हातमोजे काढून ठेवले. लगेच बाकावर सरकून जागा मिळाली. एवढ्याशा जागेसाठी माणूस आपलं मत गिळतो! हात चुरचुरतात, बोटांची सालं निघतात. आज फोरमनने वाफाळत्या चहाचा स्टीलचा पेला मुठीत धरला आणि पापणीही हलवली नाही. आम्ही वाहवा केली.

२२ मार्च, शनिवार
पोटऱ्यांत गोळे येतात. तळव्यांना मुंग्या, उतरतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, दमला आहात. तो कागद आज शेवटपर्यंत वाचला. तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय: जुन्या साठ्यातला एक घटक नसा मारतो, आणि त्रास आठ-पंधरा दिवसांनी सुरू होतो. आमची पिंपं जुन्याच साठ्यातली. फोरमनला दाखवलं. म्हणाला, बावीस वर्षं हात याच तेलात आहेत, मला काय धाड भरलीय?
ताईला फोनवर म्हटलं, जेवण वेळेवर चाललंय.

२७ मार्च, गुरुवार
आज चहाचा पेला मलाही धरता आला. टाळ्या पडल्या. खोलीवर येऊन पाहतो तर तळहातावर फोड. दुखत नाहीत. मग फोरमनची बोटं आठवली. भाजल्याचे किती डाग, एकावर एक —

३० मार्च, रविवार. दुपारी तीन.
सकाळी डाव्या चाकामागच्या सांध्यावर बोट फिरवलं. कोरडं वाटलं. सवयीने, न बघताच, हात चिंधीला पुसला आणि तपासणीच्या कागदावर सही केली. आत्ता शर्ट काढताना पाहिलं. बाही कोपरापर्यंत जांभळी. ओली.
बोटांना कळलंच नाही.
विमान साडेचारला उडणार.

तीन दहा.
फोरमनला फोन केला. म्हणाला, तुझ्यामागून मीही बोट फिरवलं, कोरडं आहे, झोप जरा.
त्यानेही बोटच —

साडेतीन.
ऑफिसात घंटी वाजते, उचलत कोणी नाही. रविवार. स्वतःच जायला हवं. पाऊल जमिनीवर आहे की नाही ते खाली बघून ठरवावं लागतं —

जिन्यात.
नऊ पायऱ्या उतरलो. शेवटच्या दोन घसरून. उठता येत नाही. फोन खोलीतच राहिला, खिशात फक्त ही वही. हाका मारल्या — एकही दार उघडलं नाही. महिना होत आला, इथे कोणाला माझं नाव —
पेन सुटलं होतं. दिसलं म्हणून कळलं.
ही वही ज्याला मिळेल त्याने मला उचलत बसू नये. आधी विमान थांबवा. साडेचारचं. त्यात माणसं आहेत. डाव्या चाकाच्या मागे, वरच्या अंगाला, हात घालून नका बघू, दिवा धरा, डोळ्यांनी —