दोन्ही कडा

९ फेब्रुवारी, रविवार

पाय सुजलेत, घसा बसलाय, कान भाजलेत. तरी या नोकरीत इतका चांगला दिवस अजून आला नव्हता.

सकाळी सहापासून स्टेडियमवर. उस्ताद आले साडेनवाला. आमच्या वर्तमानपत्राचे मुख्य फोटोग्राफर – ऑफिसात झाडून सगळे त्यांना उस्तादच म्हणतात. आल्या आल्या सावली धरली, चहा मागवला आणि मला म्हणाले, "तू कार्ड भर. मी बघतो." मी शिकाऊ, म्हणून पळायचं मी. पळाले. तीनशे चाळीस फोटो काढले.

शेवटची शर्यत मुलींची, पाच हजार मीटर. पहिली आलेली बूट काढून, पाणी पिऊन बसलीसुद्धा, तरी सगळ्यात मागची अजून धावतच होती. एक बूट पायात, एक हातात. लोक उठून चालले होते. शेवटच्या रेषेवरची फीत गुंडाळायला घेतली होती. पण ती थांबेना! मी दोरीपाशी उभी राहून इतकी ओरडले की आता आईशी खुणेनं बोलतेय. फीत गुंडाळणाऱ्या माणसानं तिला बघितलं आणि फीत परत उलगडून धरली. तिच्या एकटीसाठी.

बाबांचा बँडही तिथेच होता, उद्घाटनाला आणि बक्षिसांना वाजवायला. मधल्या वेळात क्लॅरिनेट पेटीत ठेवून बाबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले. पाणी प्यायचं म्हणून मी कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला, तर केवढे घाबरले! नंतर दोनदा विचारलं, "मी ते बटण दाबलं गं. काही बिघडलं नाही ना?" मी वसकन म्हटलं, "हात कशाला लावायचा मग?" आजच्या दिवसात तेवढं एक वाईट झालं.

संध्याकाळी कार्ड उस्तादांकडे दिलं. निवडायचं त्यांनी, कापायचं त्यांनी, कार्ड पुसून परत द्यायचं त्यांनी. आपला फोटो शिकाऊनं अंकातच बघायचा, अशी पद्धत आहे.

१० फेब्रुवारी

पहिल्या पानावर! पाच कॉलम! हातातला बूट, मिटलेले डोळे, आणि फीत धरलेल्या माणसाचं तोंड – हसतोय की रडतोय, कळत नाही.

खाली उस्तादांचं नाव.

तीनदा वाचलं. अक्षरं बदलली नाहीत.

११ फेब्रुवारी

आजपासून या वहीत तो 'तो'. ऑफिसात अहो-जाहो करीन, जीभ झिजेपर्यंत करीन. इथे नाही. पान माझं आहे.

विचारलं मी त्याला. सगळ्यांसमोर नाही, तेवढी माझी रीत. म्हणाला, "शिकाऊचं नाव छापत नाहीत आपल्याकडे. माझीही चार वर्षं बिननावाची गेली." मी म्हटलं, "पण फोटो मी काढलाय." तर हसून म्हणतो, "फोटो काढण्यात नसतो, पोरी, कापण्यात असतो. दोन्ही कडा मी कापल्या तेव्हा कुठे तो फोटो झाला. कापल्या ते तुझंच नशीब समज."

माझं नशीब!

मुंग्यांनी वारूळ करायचं आणि नागोबानं आयतं येऊन बसायचं. वर मुंग्यांना सांगायचं, तुमचं नशीब.

१२ फेब्रुवारी

जेवले नाही. आई इस्त्रीचे कपडे मोजत होती. मान वर न करता म्हणाली, "पेपरात नाव नाही म्हणून पोटात भाकरी नाही, हे कॉलेजात शिकवलं का?"

मग जेवले. पण रागावूनच.

१५ फेब्रुवारी

दिवसभर त्याचा सूड कसा घ्यावा याचाच विचार. त्याच्या भिंगाला लोणी फासावं. त्याच्या खुर्चीचा एक स्क्रू रोज अर्धा पीळ सैल करावा, म्हणजे महिन्याभरानं नेमका संपादकांसमोर कोसळेल. शेवटी काय केलं? त्याला उकळलेला चहा गार करून दिला. तो म्हणाला, "वा, आज बरा झालाय."

मला सूडसुद्धा धड जमत नाही.

२३ फेब्रुवारी

बाबा सकाळपासून एकच सूर लांबवताहेत. क्लॅरिनेटची पत्ती नवीन आहे, ती सूर धरेपर्यंत आमचे कान धरायचे.

मी म्हटलं, "ती बक्षिसाची धून वाजवा ना." बँड बक्षीस समारंभात जी संथ धून वाजवतो ती बाबांची आहे. माझ्या जन्माच्या आधी बांधलेली. आई सांगते, अंथरुणावर बोटांनी ताल धरून बांधली. दर समारंभात निवेदक सांगतो, "धून आपल्या बँडमास्तरांची." बाबा, साधे क्लॅरिनेटवाले, मान खाली घालून वाजवतात. पंचवीस वर्षं!

"तुम्ही बोलला का नाही कधी?" मी विचारलं.

"वाजते ना रोज? मेलेली असती तर बोललो असतो."

मला हे पटत नाही. जिचं काम तिचं नाव. घरात पहिली पदवी मी घेतली ती काय भिंतीवर टांगायला? बाबांना म्हटलं, "तुमच्यासारखी गप्प बसणार नाही मी." ते म्हणाले, "बसू नकोस." मग विचारलं, "त्या दिवशी मी पण एक दाबलं होतं ना गं, त्याचं काय झालं?"

मी म्हटलं, "बाबा, इथे माझ्या आयुष्याचा प्रश्न आहे."

पत्ती पुसत बसले मग.

२१ मार्च

पत्रकार संघाचा वर्षातला सर्वोत्तम क्रीडा फोटो – त्याला. माझ्या फोटोला. माझ्या!

ऑफिसात पेढे. एक माझ्या हातावर ठेवून म्हणाला, "घे, तू पण होतीस ना तिथे." मी पेढा टेबलाच्या खणात ठेवला. मुंग्या लागू देत. त्याच्याच टेबलाच्या.

३० मार्च, रविवार

समारंभ. बोलावणं नव्हतं, पण बँड बाबांचा होता, म्हणून मी पेट्या उचलणाऱ्यांबरोबर आत गेले. पदवीधर हमाल.

तो मंचावर. भाषण केलं! "ती मुलगी रेषेपाशी आली त्या क्षणी माझा श्वास थांबला. फोटोग्राफर स्वतःला विसरतो तेव्हाच फोटो होतो." टाळ्या. मग निवेदक म्हणाला, "आणि आता आपल्या बँडमास्तरांची सुप्रसिद्ध धून." बाबांनी क्लॅरिनेट ओठाला लावलं.

एकाच मंचावर दोन चोर, आणि वाजवणारे बाबा. गाल फुगवून, डोळे मिटून. त्यांच्याच धुनेवर त्यानं माझं बक्षीस घेतलं.

मी तिथेच ठरवलं. याला पाणी पाजायचं. माझ्यासाठी आणि बाबांसाठीही. बँडमास्तर माझ्या हाताबाहेर आहे, हा नाही.

मला तो क्षण स्वच्छ आठवतो. बोटाखालचं बटण आठवतं. त्याचा खट् आवाजसुद्धा.

३ एप्रिल

देव आहे. आणि तो आमच्या ऑफिसात पानं लावतो!

पानं लावणाऱ्या ताई. वीस वर्षं त्या मशीनसमोर. त्यांना कोणी विचारत नाही आणि त्या काही फेकत नाहीत. आज डबा खाताना म्हणाल्या, "त्या रविवारचं तुझं अख्खं कार्ड आहे माझ्या जुन्या मशीनवर. उस्तादांनी आधी माझ्याकडेच उतरवलं होतं, मग घरी नेऊन निवडलं. पुसायला सांगितलं होतं. मी कशाला पुसू?"

मी घास गिळायला विसरले. त्यांनी तो फोटो शोधला. पडद्यावर टपाल तिकिटाएवढा दिसला, ते मशीन तेवढंच दाखवतं. ताई नाक टेकवून म्हणाल्या, "अगं, दोन्हीकडे माणसं आहेत. आणि हा डावीकडे बघ – पिवळी टोपी, हातात कप!"

पिवळी टोपी! त्या मैदानात पिवळी टोपी एकच होती, त्याची. तेवढ्यात संपादकांची हाक आली, ताईंनी पडद्यावरचा फोटो बंद केला. मोठी प्रिंट काढून आणते म्हणाल्या, ओळखीच्या दुकानातून.

श्वास थांबला होता म्हणे. चहा पीत होता!

४ एप्रिल

संपादकांना पत्र दिलं. पत्रातलं शेवटचं वाक्य: 'जो माणूस फोटोत दिसतो, त्यानं तो फोटो काढलेला असू शकत नाही.'

हे वाक्य मला इतकं आवडलंय की इथे पुन्हा लिहिते. जो माणूस फोटोत दिसतो, त्यानं तो फोटो काढलेला असू शकत नाही.

संपादक म्हणाले, "आरोप मोठा आहे. मला कागदावर आणून दाखव. पडद्यावर कोणी काहीही करतं. कागद खोटं बोलत नाही." पुढच्या शुक्रवारी दुपारी बैठक. त्यालाही बोलावलंय.

जिन्यात गाठलं मला त्यानं. म्हणाला, "पत्र मागे घे. तुझ्या भल्यासाठी सांगतो. मूळ फोटो तू पाहिलायस का?" मी म्हटलं, "तुम्हाला भीती वाटतेय." म्हणाला, "वाटतेय ना. पण माझ्या एकट्यासाठी नाही."

धमक्या द्यायला लागला! म्हणजे वर्मी लागलं.

७ एप्रिल

आईला सांगितलं, शुक्रवारी त्याचं नाक कापणार. आई म्हणाली, "काप. पण कापताना आपली बोटं कुठे आहेत ते बघावं."

आईला प्रत्येक गोष्टीत इस्त्री आणि कात्रीच दिसते.

८ एप्रिल

झोपेतसुद्धा हसतेय म्हणे मी. त्याच्या टेबलावरची ती ट्रॉफी बघितली आज. धूळ बसलीय. माझ्याकडे आली की रोज पुसेन.

बाबांना म्हटलं, "शुक्रवारनंतर बँडमास्तरची पाळी." बाबा म्हणाले, "त्याला दमा झालाय गं आता." मग काय झालं! दम्यानं धून परत येते का?

१० एप्रिल, गुरुवार

ताईंनी प्रिंट आणून दिली. पाकिटात, मध्ये पुठ्ठा घालून. देताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नीट बघ आणि मगच ने."

बघितली. तो डावीकडे आहे. पिवळी टोपी, कप ओठाला. डोळे कपात.

आईची कात्री घेतली. उजवी कड कापली. दोन बोटं रुंद पट्टी, वरपासून खालपर्यंत. पट्टीचे बारीक तुकडे केले.

का, ते इथे लिहीत नाही. पान माझं असलं म्हणून काय झालं.

११ एप्रिल, शुक्रवार

जिंकले.

संपादकांनी प्रिंट बघितली, पिवळी टोपी बघितली, चष्मा काढून पुसला. उस्तादांना विचारलं, "हे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग हा फोटो?"

उस्तादांनी प्रिंट हातात घेतली. उजव्या कडेवरून हळूच अंगठा फिरवला. मला वाटलं आता बोलतील. एक वाक्य पुरलं असतं. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

"माझा नाही," ते म्हणाले. प्रिंट मला परत दिली. दारातून जाताना माझ्यापाशी थांबले. "कड सरळ आलीय. शिकलीस तू."

ट्रॉफी परत जाणार, माझ्या नावानं येणार. शुद्धिपत्र परवाच्या अंकात, फोटोसकट. उस्तादांनी टेबल आवरायला घेतलं. खणातला पेढा सापडला त्यांना. मुंग्यांनी अर्धा नेला होता. उरलेला कागदात गुंडाळून टोपलीत टाकला.

मी पुष्कळ आनंदात असायला हवं.

१३ एप्रिल, रविवार

आजच्या अंकात माझं नाव. ठळक.

अंक बाबांसमोर ठेवला. त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर आडवं धरलं, चष्मा लावला, फोटो खूप वेळ बघितला. मग बोट फोटोच्या उजव्या कडेवरून पुढे नेलं, शेजारच्या पंख्याच्या जाहिरातीवर टेकवलं.

"तू इथे होतीस ना गं? दोन्ही हात वर करून ओरडत होतीस. मी बटण दाबलं तेव्हा."